शेवंताबाईंची सर्दी

थंडी पडली आणि धरणाच्या पाण्यावर परदेशी पाखरं उतरली, की सगळं गाव शेवंताबाईंच्या नाकाकडे बघू लागे. पाखरांसोबत ताप यायचा. त्याचा विषाणू श्वासनलिकेतल्या पेशींवरच्या साखरेला धरूनच आत शिरायचा, म्हणून गावाने उपचार करून ती साखर कधीच बदलून घेतली होती. जुनी साखर एकट्या शेवंताबाईंनी ठेवली, तीही आपणहून. विषाणू आला की त्यांना सर्दी व्हायची आणि डॉक्टर सावध व्हायचे.

यंदा पाखरं येऊन महिना झाला, तरी त्या ठणठणीत होत्या. तेच सांगायला त्या सकाळी दवाखान्यात निघाल्या, तोच मागून सून रेशमा शिंकली.

"शिंक आली. घोटभर पाणी पिऊनच निघते," म्हणत शेवंताबाई सवयीने मागे फिरून बसल्या. भांडं तोंडाला लावता लावता थांबल्या. "फोडणी घातलीस का गं?"

"शेगडी कुठं पेटवलीय अजून, आत्या?" नाक पुसताना रेशमाला हसूच येत होतं. "रात्रीपासून अंग मोडून आलंय. दरवर्षी तुम्हाला असंच होतं का हो?"

शेवंताबाईंनी खोल श्वास घेतला. दोन्ही नाकपुड्या मोकळ्या होत्या. बाहेर रस्त्यावरून पोरं शाळेला चालली होती, सगळी रेशमासारखीच, नव्या साखरेची. विषाणू आता जुनी सोडून ती धरायला शिकला होता.

नाकातला नमुना घ्यायला डॉक्टरांनी आपल्यासाठी दिलेली कापसाची काडी त्यांनी पिशवीतून काढली.

"इकडं ये," त्या हळूच म्हणाल्या, "मान वर कर."