यायला अर्धा तास

बाबांना एकदा मोठ्या कलासंग्रहालयात न्यायचं ठरलं. लेकीने नकाशा त्यांच्या पलंगावर पसरला आणि कडेला पेन्सिलीने हिशेब मांडला. सोबत न्यायचा ऑक्सिजनचा सिलिंडर चार तास पुरतो. जायला अर्धा तास, यायला अर्धा तास. हाती उरले तीन तास, आणि दालनं पंचेचाळीस.

“दालनामागे चार मिनिटं, बाबा. रेंगाळायचं नाही.”

“चार मिनिटांत पाटीवरचा रंगसुद्धा वाळत नाही गं,” जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेले बाबा हसले आणि त्या एवढ्याशा हसण्यापायी कितीतरी वेळ खोकत राहिले. मग नाकातली नळी सारखी करून त्यांनी नकाशातल्या अगदी शेवटच्या दालनावर बोट टेकवलं. “इथे समुद्राचं चित्र आहे. तरुणपणी पाहिलं होतं. तो निळा मला कधी कालवता आला नाही. तेवढंच दाखव.”

“एकच? मग काय, वेळच वेळ! बसा त्याच्यापुढे खुशाल तीन तास.”

बाबांनी तिच्या हातातली पेन्सिल घेतली. ‘यायला अर्धा तास’ या शब्दांवर, पाटी रंगवताना मारायचे तशी, एक सरळ रेघ मारली.

“साडेतीन लिही, बाळा.”