परीक्षेचा पाठ

इंदूरची मिल बंद पडल्यावर श्रीहरीने चाळिशीत बी.एड.ला नाव घातलं. शेवटच्या परीक्षेचा पाठ, अपूर्णांकांचा, नेमका लेकीच्या, पूर्णिमाच्या वर्गावर आला. आदल्या दिवशी वर्गात तालीम झालेली, त्यामुळे मुलं प्रश्न संपायच्या आतच उत्तरं देऊ लागली. मागे बसलेल्या परीक्षकांनी पेन खाली ठेवलं.

"सब रटाया हुआ है क्या?"

श्रीहरीने भरवशाच्या पूर्णिमाला उभं केलं. घरी ऐकून ऐकून तिला अख्खा पाठ तोंडपाठ होता.

"एक तिहाई बड़ा या एक चौथाई?"

"एक चौथाई, सर."

खिशातला रुमाल काढून, आधी तीन, मग चार घड्या घालून त्याने तिला तिसरा हिस्सा मोठा कसा ते समजावलं. परीक्षकांचं पेन चालू लागलं.

घरी जाताना त्याने विचारलं, "चुकलीस कशी गं?"

 

"बाबा, सगळ्यांनीच सही सांगितलं असतं, तर तुम्ही शिकवलं काय असतं?"