भुऱ्या कोणाचा?

भुऱ्या आजही रुख्मिणीच्याच दारात पसरला होता.

मनकर्णाबाईनं कुडाच्या फटीतून पाहिलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. उन्हं डोक्यावर आलेली, सारं गाव कापूस वेचायला गेलेलं, गल्लीत चिटपाखरू नाही. आणि हा मेला त्या शेजारणीच्या बंद दाराला नाक लावून शेपटी आपटतोय!

मानोऱ्याच्या बाजारात बैलबंडीच्या चाकाखाली पाय सापडलेला हा जीव तिनं पदरात गुंडाळून घरी आणला होता. हळद-चुना लावला, बांबूच्या कामट्या बांधल्या, महिनाभर आपल्या ताटातलं चारलं. पोटी लेकरू नाही. म्हटलं, हे मुकं जनावर तरी आपलं होईल. तिचा नवरा जानराव तेव्हा हसला होता. "लोकं बाजारातून मीठमिरची आणतेत, आमची बाई कुत्रं घेऊन आली."

आणि पाय बरा होतो न होतो तोच कुत्रं लागलं रुख्मिणीच्या नादी!

रुख्मिणीचं तिला आधीच काही सोसत नसे. नवरा जाऊन तीन वर्षं झाली, तरी बाईच्या चेहऱ्यावरचं पाणी काही उतरलं नाही. तिची म्हैस कधी आटत नाही, तिच्या हातचं ताक साऱ्या गावाला गोड लागतं. यंदा स्वराज्यातलं पहिलं मतदान झालं, तर तिथंही रांगेतल्या बायांनी हिलाच पुढं केलं. बरं, देवानं एवढं दिलंय, तर दुसरीचं कुत्रं कशाला पाहिजे?

यावर उपाय सांगितला होता धनीबाईनं. ती तांड्यावरची, गावात सरपण विकायला यायची. "भाकर काखेत धर, घामानं भिजू दे, अन् तीच कुत्र्याले चार. पाच दिवस. जलमभर मांग सोडन नाही."

मनकर्णाबाईनं पाच दिवस घामेजलेली भाकर चारली. कोणाला कळू दिलं नाही.

उपयोग शून्य. उलट आधी कधीमधी तिकडं जाणारा भुऱ्या आता रोजच जाऊ लागला. सकाळी जानराव शिदोरी घेऊन वावरात निघाला की भुऱ्याही उंडारायला बाहेर पडे आणि दुपारी थेट रुख्मिणीचं दार गाठे. गुडघा धरल्यापासून मनकर्णाबाई घरीच असायची, पण तिच्याकडं तो फिरकेल तर शपथ.

मध्ये दोन दिवस जानराव कापूस घेऊन मोटारीनं कारंज्याला गेला होता. त्या दोन दिवसांत मात्र भुऱ्या तिच्या उंबऱ्यावरून हलला नाही. रुख्मिणीच्या घराकडं त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. जिंकलं बाई, असं वाटून मनकर्णाबाईनं गुळाचा शिरा केला आणि त्यातला अर्धा त्यालाच घातला. तिसऱ्या दिवसापासून पुन्हा येरे माझ्या मागल्या.

आज मात्र तिला राहवलं नाही. लंगडत लंगडत गेली आणि रुख्मिणीची कडी वाजवली.

रुख्मिणी लवकर आली नाही. आली ती दार मागं ओढून घेतच. दुधाची वाटी लपवत असणार, मनकर्णाबाईनं ओळखलं.

"काय चारतं वं याले?"

"तुही आन माय, पाण्याचा थेंब नाही देल्ला. हाकलून हाकलून दमली मी. ने ना त्याले! नाही तं देऊन टाक कुठी दूर."

"व्हय, म्हणजे माह्यापासून तुटलं की तुले बरं!"

"मले कायले पाहिजे तुहं कुत्रं?" रुख्मिणी रडकुंडीला आली. काय पण सोंग! मनकर्णाबाईनं भुऱ्याला मानगुटीला धरून फरफटत आणलं. तो सारखा मागं वळून त्या दाराकडं बघत होता.

संध्याकाळी जेवताना तिनं विषय काढला. जानराव ताटावरून मान वर न करता म्हणाला, "दे देऊन तांड्यावर. एका कुत्र्यापायी शेजार कायले तोडतं?"

"तुमी बी तिचीच बाजू घ्या!"

पण मनात तिनं ठरवलं. मला नाही, तर तिलाही नाही.

दुसऱ्या दिवशी जानराव निघायच्या आतच तिनं भुऱ्याला दोर बांधला आणि तांड्याची वाट धरली. वाटेत त्यानं दोनदा तिचा हात चाटला. तिचे डोळे भरून आले, पण रुख्मिणीचं दार आठवलं आणि ती चालत राहिली.

धनीबाईला शेळ्या राखायला कुत्रं हवंच होतं. तिनं खुशीनं दोर हातात घेतला. "पण असं कसं झालं वं? माह्या सासूच्या सासूपासूनचा उपाव हाय हा. भाकर काखेत नीट धरली होती नं?"

मनकर्णाबाई ओशाळली. "अन्न काखेत कोण धरीन, बाई? मले किळस आली. आमच्या मालकाचा वावरातून आलेला सदरा घेत होती, वल्लाचिंब. त्याच्यात गुंडाळून ठेवत होती भाकर."

धनीबाई खदखदून हसली. "अवो येडे! मंग ते तुहं कसं होईन? ज्याचा घाम, त्याचं कुत्रं. तुहा मालक जाईन तिथी त्याच्या मांगं जाईन ते."

"काहीतरीच! मालकाच्या मांगं असतं, तं भर दुपारी रुख्मिणीच्या दारात काहून बसलं असतं?"

धनीबाईचं हसू थांबलं. तिनं दोर परत मनकर्णाबाईच्या हातात दिला.

"हे कुत्रं कोणाले देऊ नको, बाई," ती म्हणाली. "तुले लागन."