खऱ्या दुखण्याची डबी

दुखणं खरं असेल तरच गोळ्यांची डबी आपोआप उघडायची, म्हणून दिगंबरराव निर्धास्त होते. बायकोच्या, शालनच्या कमरेच्या ऑपरेशनला सहा महिने झाले होते. तरी तिच्या मनगटावरची यंत्राची पट्टी दुखणं मोजायची आणि तिच्या इशाऱ्यावर डबी दिवसातून चारदा उघडायची.

आज दवाखान्यात डबी टेबलावर ठेवून डॉक्टरीणबाईंनी शालनची बोटं पाहिली. त्यांवर नवे-जुने चटके होते.

“भाकरी करताना तवा लागतो तिला,” दिगंबरराव म्हणाले आणि मग त्यांना आठवलं. ऑपरेशनपासून भाकरी मेसच्या डब्यातून येत होती.

“कंबर केव्हाच बरी झालीय,” शालन पुटपुटली. “पण गोळीशिवाय राहवत नाही हो.”

“हे व्यसन आहे. उपचारांनी सुटतं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

दिगंबररावांनी तिचा हात घट्ट धरला. ताज्या चटक्यावर दाब पडला आणि टेबलावरची डबी उघडली.

शालनने तो हात सोडवला नाही. दुसरा डबीकडे नेला.