झाडाचं नाव

“श्वास धर, चिझुरू. आधी काटा चाचप, मग फांदी. घाई केलीस की झाड ओळखतं.” वडिलांचा हा आवाज तिच्या लहानपणातला. पण काटेरी फांदीला कात्री लावायची वेळ आली की अजून कानाशी येऊन बसतो.

आता वडील, तोकुजी, बाकाच्या पलीकडे बसले होते. मधे फिरत्या पाटावर एक बुटकं झाड, काळ्या खोडाचं, थंडीत तांबडं फुलणारं. नाव त्याचं बोके. म्हातारपणी माणसाचं भान विरत जातं, त्यालाही इथल्या बोलीत बोकेच म्हणतात. तोकुजींना ते दुखणं जडलं, तेव्हापासून चिझुरूने हा शब्द घरात येऊ दिला नव्हता. झाडाला ती ‘तांबडं’ म्हणायची. परवा फाटकाशी झाड विकत घ्यायला आलेल्या एका गिऱ्हाइकाने विचारलं, घरात बोके आहे ना? नाही म्हणून तिने त्याला वाटेला लावलं.

तिने झाड कुंडीतून काढलं, मुळं धुतली. माती सुटत गेली तशा रोगाच्या गाठी दिसू लागल्या. याची मुळं छाटायची ती शरदात. वसंतात छाटली तर गाठी धरतात, हे तिला तोकुजींनीच शिकवलेलं. आणि या वसंतात, ती बाजारात गेली असताना, त्यांनीच बसून ती छाटली होती.

ती गाठी कापत गेली. एक काढावी तर आत दुसरी. शेवटची खोडातच शिरली होती. चिझुरूने कात्री खाली ठेवली.

तोकुजींनी हात पुढे केला, सरळ, न चाचपता. बोटावर रक्ताचा थेंब उभा राहिला.

“खाष्ट आहे की,” ते हसले. “कुणी आणलं हे आपल्याकडे?”

“तुम्हीच, बाबा. आई या घरात आली त्या वर्षी.”

“असं होय. नाव काय याचं?”

“तांबडं.”

“रंग नाही विचारला. नाव.”

चिझुरू ओल्या मुळांकडे बघत राहिली. मग म्हणाली, “बोके, बाबा.”

तोकुजींनी बोट तोंडात धरलं. लेकराची चूक पोटात घालावी तसं तिच्याकडे पाहिलं.

“झाडाचं विचारतोय, पोरी,” ते हळूच म्हणाले. “माझं मला ठाऊक आहे.”