घाटातली झोप

शेवटच्या ओढ्यापाशी दिनेओने गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला आणि मागे वळून विचारलं, "कुणाला चालत यायचंय का?"

इथे हे विचारायचंच असतं. दक्षिण आफ्रिकेची चौकी खाली दरीत मागे पडलेली असते, लेसोथोची चौकी वर कड्याच्या माथ्यावर. मधल्या सानी घाटात खडीच्या रस्त्याची खरी चढण या ओढ्यापासून सुरू होते. ज्याला ड्रायव्हरचा भरवसा वाटत नाही, त्याने इथे उतरावं आणि वर चौकीपाशी पुन्हा गाडीत बसावं. ड्रायव्हरने राग मानायचा नाही. दिनेओचे वडील मोखेले, ज्यांना मुलीसकट सगळे आदराने न्ताते, म्हणजे बाबा, म्हणत, आयुष्यभर हा प्रश्न विचारत आले होते. त्यांच्या टॅक्सीतून कधीच कुणी उतरलं नव्हतं.

आज ते ड्रायव्हरच्या शेजारी बसले होते. गुडघा वाकेना, त्यामुळे ब्रेक दाबता येईना. गाडी विकायची, नाहीतर दिनेओने चालवायची, एवढंच उरलं होतं. उन्हाळाभर तिने रिकामी गाडी त्यांच्या देखरेखीखाली वर नेली, खाली आणली. उतारू घेऊन ही पहिलीच खेप. तीही ऐन जुलैत, इथल्या भर हिवाळ्यात, वरची वळणं गोठलेली असताना.

आणि न्ताते मोखेले निघाल्यापासून गप्प बसले नव्हते. दाराचं हँडल धरून ते पुटपुटत होते. "गिअर. अगं, गिअर! तो दगड बघ. डावीकडे. एवढी डावीकडे नाही!" ब्रेक नसलेल्या बाजूला त्यांचा चांगला पाय सारखा दाबला जात होता. मागच्या सीटवरून हे सगळ्यांना दिसत होतं.

मागे बसलेल्या म्हाताऱ्या मापालेसाने, सगळ्यांच्या म्मेने म्हणजे आईने, पिठाची पिशवी मांडीवर ओढली. "मी आपली चालते. माझे पाय जुने आहेत, पण ओळखीचे आहेत."

"मीसुद्धा उतरतो," सेल्लो म्हणाला. ब्लँकेटमध्ये गुंडाळलेली खिडकीची काच त्याने दोन गुडघ्यांत धरली होती. "मी मेलो तर चालेल. काच फुटली तर बायको जिवंत सोडायची नाही."

"अहो, पण मी..." दिनेओने तोंड उघडलं.

"तुझ्यावर राग नाही, पोरी," म्मे मापालेसा म्हणाली. "पण तुझा बापच एवढा घाबरलाय, तिथे आमचं काय?"

दार सरकलं. गार वारा आत आला. बाकीचेही आपापली बोचकी चाचपू लागले. दिनेओने पुन्हा समोर पाहिलं. हे आज चालत गेले, तर संध्याकाळपर्यंत वर मोखोत्लोंग गावच्या बाजारात सगळ्यांना कळेल. उद्यापासून या टॅक्सीत कुणी बसणार नाही, आणि मग गाडी विकावीच लागेल.

न्ताते मोखेलेंनी एकदा मुलीकडे पाहिलं. मग त्यांनी जांभई दिली.

"उतरायचं असेल तर उतरा, पण ते दार लावा. थंडी येतेय. रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नव्हता. दिनेओ, वर पोचलं की उठव गं."

त्यांनी ब्लँकेट डोक्यावरून ओढून घेतलं आणि ते दाराला टेकले. थोड्याच वेळात घोरणं सुरू झालं.

सेल्लो एक पाय खाली टाकून थांबला. "झोपले?"

म्मे मापालेसाने पुढे वाकून कान दिला. "माझा नवरा असाच घोरायचा. छताचा पत्रा हलायचा." ती पुन्हा मागे टेकली. "लाव ते दार, सेल्लो. बाप झोपतोय, तर पोरीला येत असणार चालवायला."

दिनेओने पहिला गिअर टाकला. खडी चाकांखालून सुटून पत्र्यावर आपटत होती. वळणं जवळजवळ येऊ लागली. सावलीतल्या एका वळणावर बर्फाचा निळसर थर होता. तिथे मागची चाकं घसरली आणि गाडीचा शेपटाकडचा भाग हळूहळू दरीकडे सरकू लागला. मागे सगळ्यांनी श्वास रोखला. दिनेओने ब्रेकला पाय लावला नाही. ॲक्सिलरेटर थोडा सोडला, स्टीअरिंग घसरणीच्या दिशेने वळवलं आणि वाट पाहिली. चाकांना खडी सापडली. गाडी सरळ झाली.

ब्लँकेटमधलं घोरणं त्याच लयीत चालू होतं.

"हा माणूस," सेल्लो दबक्या आवाजात म्हणाला, "स्वतःच्या मयतालाही उठायचा नाही."

सगळे हसले. दिनेओही.

माथ्यावर वारा होता, ऊन होतं. पासपोर्टवर शिक्के घ्यायला सगळे खाली उतरले. म्मे मापालेसाने जाता जाता दिनेओच्या गालाला हात लावला. "उद्या खाली जाताना पुढची जागा मला ठेव. म्हाताऱ्याला घरीच झोपू दे."

गाडीत दोघंच उरले.

"न्ताते, उठा. पोचलो."

घोरणं थांबलं. ब्लँकेट डोळ्यांपुरतं खाली आलं.

"गेले सगळे?"

"गेले."

त्यांनी डावा हात बाहेर काढून तिच्यापुढे धरला. बोटं आखडली होती, काही केल्या उघडेनात. दिनेओने ती एकेक करून सोडवली. आत दाराचं हँडल होतं, उपटून आलेलं, दोन्ही स्क्रूंसकट.