देवाच्या डोक्यावर

छतावरचा ओला डाग चौकोनी होता. धनश्री मान दुखेस्तोवर वर बघत राहिली. पाणी वाकडंतिकडं पसरतं, उतार दिसेल तिकडं पळतं. ह्या डागाला मात्र चार सरळ कडा होत्या, गवंड्यानं दोरी धरून आखल्यासारख्या.

डागाखाली देव्हारा. देव्हाऱ्यापुढं पाटावर तिची सासू, राहीबाई. रोजच्यासारखी खंडोबाचा चांदीचा टाक चोळत बसलेली. कालच तिच्या गुडघ्याजवळ भाकरीएवढा पोपडा सुटून पडला होता. वर स्लॅबच्या गंजलेल्या सळया उघड्या पडल्या होत्या, आणि त्यांच्या बाजूचा गिलावा फुगून लोंबत होता.

"आत्या, आज तरी जरा लांब बसा की."

"देव हितं, आन मी काय चुलीपाशी बसून पूजा करू?"

"मग देव हलवू."

"त्ये आदिनाथाला इचार."

आदिनाथ म्हणजे राहीबाईचा लेक, धनश्रीचा नवरा. तो मिरजगावला गेला होता, गळती थांबवायच्या केमिकलचा चौथा डबा आणायला. तीन डबे स्लॅबनं प्यायले, गळती तशीच. येताना तो एका महाराजांनाही विचारून येणार होता. नेमकं देवावरच गळतंय म्हणजे घरात कायतरी चुकतंय, असं त्याचं म्हणणं. घरात चुकतंय म्हणजे बायांचं चुकतंय. दुसरं कुणाचं चुकणार?

टप्पदिशी थेंब टाकावर पडला.

"आत्या, पाऊस कधी झाला वो?"

"झाला की मागल्या बाजारच्या दिशी."

"आंगण वाळलं. भिंती वाळल्या. मग ह्यो थेंब आला कुठनं?"

राहीबाईचा हात थांबला. तिनंही वर बघितलं. "आता मला काय म्हाईत? मी काय वर जाऊन बसलीय?"

"कधीच गेला न्हाई वर?"

"ह्या घरात ऱ्हायला आल्यापासनं न्हाई. बायांनी स्लॅबवर पाय ठेवायचा न्हाई, आसं सांगून ठेवलंय आदिनाथानं. पापड-कुरडया बी आंगणातच घालतो न्हवं आपून."

धनश्रीनं पदर खोचला आणि घरामागची लोखंडी शिडी आणून भिंतीला लावली.

"आगं धने, उतर! त्यो आला तर माज्यावर वरडंल."

"मग तुमी शिडी कशाला धरलीय?"

"पडशील म्हनून धरलीय, मेले!"

वर स्लॅब लख्ख होता. सगळीकडं केमिकलचे राखाडी हात, एकावर एक. कुठं चीर नाही, कुठं भेग नाही. आदिनाथनं काम मन लावून केलं होतं. धनश्री चालत देव्हाऱ्याच्या कोपऱ्यापर्यंत गेली आणि तिथं थांबली.

तिथं विटांचा चौकोन होता. चांगला सिमेंटमध्ये पक्का बसवलेला. घर बांधून झालं तेव्हा आदिनाथनं तो स्वतःच्या हातानं बांधला होता, चुकून कुणाचा पाय देवाच्या डोक्यावर पडू नये म्हणून. केमिकलही विटांपाशी येऊन थांबलं होतं. आत ब्रश घालायचा तर पाय घालावा लागला असता.

आत पाणी साचलं होतं. हिरवंगार, शेवाळलेलं. डासांच्या अळ्या वळवळत होत्या. मधोमध एक बेडूक बसला होता, घरमालकासारखा.

बाकीच्या स्लॅबवरचं पाणी पन्हाळीतून निघून जात होतं. ह्या पाण्याला चारी बाजूंनी विटा. त्याला एकच वाट उरली होती, खालची.

"काय हाय गं?" खालून राहीबाई.

धनश्रीनं वाकून पाण्यात बोट बुडवलं.

"आगं बोल की! मुकी झाली का? काय हाय?"

"तळं हाय, आत्या."

"कसलं तळं?"

"आपलंच."

मग शिडी करकरली. आधी बोटं दिसली, मग पदर, मग धापा टाकणारी राहीबाई.

ती चौकोनाभोवती एक चक्कर मारून आली. वाकून वास घेतला, तोंड वाकडं केलं. हात हलवून बेडूक हाकलला. त्यानं उडी मारली ती पाण्यातच.

"मी बसती त्ये कुठं येतं गं?"

धनश्रीनं बोट दाखवलं. पाण्याच्या मधोमध.

राहीबाई तिथं बघत राहिली. मग म्हणाली, "वीट निगंल का?"

"निगंल. पर खाली भेग आसंल ती बुजवाय लागंल. आदी आत उतरून घासाय लागंल."

"जा. हातोडी आन. खराटा बी आन."

आदिनाथची मोटरसायकल अंगणात शिरली तेव्हा पन्हाळीतून हिरवं पाणी बदाबदा पडत होतं. पेट्रोलच्या टाकीवर केमिकलचा डबा. त्यानं वर बघितलं. त्याची बायको हातात हातोडी घेऊन उभी होती. त्याची आई लुगडं पोटऱ्यांपर्यंत खोचून चौकोनाच्या आत उभी होती आणि खराट्यानं खसाखसा शेवाळ खरवडत होती.

"आई! आगं पाय काड! पाय काड आदी!" टाकीवरचा डबा निसटून खाली पडला. "तुला कळतंय का? खाली देव हाय!"

राहीबाईनं मान वर केली नाही. खराटाही थांबवला नाही.

"खाली मी बी आस्ती, आदिनाथा. रोज सकाळी. तवा न्हाई कदी आसा वरडलास."